मान फुल

“रिस्पेक्टफुल म्हंजी काय, ते कागदावर लिवून द्या सर. सही बी करा,” बंडप्पामामा म्हणाले.

मी मुरूम गावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो आणि मामा तिथं शिपाई. आधीच्या हेडमास्तरांनी मामांच्या गोपनीय अहवालात सव्वीस वर्षं शेऱ्याच्या रकान्यात हा एकच शब्द लिहिला होता. फाइल मामाच उचलून नेत, त्यामुळं तो अहवाल नावापुरताच गोपनीय होता. अर्थही त्यांनीच लावलेला. पाण्याची टाकी फुल असते, तसा हा माणूस मानानं फुल.

“अर्थ तुम्हाला माहीतच आहे की,” मी म्हणालो.

“मला हाय. गिरिजाला पटत न्हाय.”

गिरिजाबाई म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन आठ महिने झाले होते. मातीला मी स्वतः गेलो होतो. पण मामांचं म्हणणं, ती रोज संध्याकाळी येते, उंबऱ्यावर बसते आणि विचारते, एवढा मान भरलाय तर हेडमास्तर तुम्हाला ‘ए बंड्या’ का म्हणायचे? मामा अर्थ सांगत. ती कानडीत ‘हौदा?’ म्हणे, म्हणजे ‘खरंच का?’ जिवंतपणी म्हणायची तसंच, ओठ वाकडा करून. मग उठून जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच विषय.

भीती नाही वाटत का, असं मी विचारलं. मामांना प्रश्नच कळला नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात तिला जेवढं भ्यायचं तेवढं भिऊन झालं होतं. आता रिटायर व्हायच्या आधी एकदा तरी त्यांना तिच्याशी वादात जिंकायचं होतं.

खरा अर्थ मला माहीत होता. मान मिळवणारा नव्हे, मान देणारा. हेडमास्तरांनी अगदी अचूक लिहिलं होतं, आणि ते हयात नसल्यामुळं दुरुस्तीही शक्य नव्हती. मी शाळेच्या लेटरहेडवर लिहिलं, ‘रिस्पेक्टफुल म्हणजे मानाचा माणूस.’ सही केली. भुताला खोटा दाखला दिल्यास कोणतं कलम लागतं, कल्पना नाही. शिक्का मामांकडेच असतो. तो त्यांनी दोनदा मारला.

चौथ्या दिवशी मामा स्टाफरूममध्ये आले. दाढी वाढलेली.

“काय म्हणाल्या मग?”

“कागद वाचून दावला. ‘बरं’ म्हनली. तवापास्नं आली न्हाय.”

“मग जिंकलात की मामा.”

“व्हय.”

तीन संध्याकाळी ते दार उघडं टाकून बसले होते. पहिल्या दिवशी वाटलं, रुसली असंल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोठ्यानं खोकून पाहिलं. शेजारच्या सिद्धम्मानं काढा आणून दिला.

“सर,” ते आवाज खाली घेऊन म्हणाले, “त्या शब्दाचा दुसरा काय अर्थ निघतो का बघा की. जरा कमी मानाचा असला तरी चालंल.”

मी डिक्शनरी काढली. आर कुठल्या पानावर सुरू होतो हे मला पाठ होतं. तरी मी ए पासून एकेक पान उलटायला लागलो.