निवळलेलं पाणी

खिडकीतल्या बाटल्या गोळा करता करता मुलाणीबाईंचा हात थांबला. प्रांजलची बाटली जागेवर नव्हती.

सकाळी दुसरीच्या पोरांनी पाणी गाळायचा प्रयोग केला होता. प्लॅस्टिकची बाटली मधोमध कापायची, तोंडाला फडकं बांधून वरचा भाग उलटा धरायचा, त्यात चुलीतला कोळसा कुटून घालायचा, त्यावर वाळू, वाळूवर खडे. वरून तळ्यातलं गढूळ पाणी ओतलं की खालच्या अर्ध्या बाटलीत नितळ थेंब पडायला लागतात. पोरं श्वास धरून बघत होती. पहिला थेंब पडला तेव्हा कुणीतरी हळूच "आलं गं बया" म्हणालं, आणि सगळा वर्ग हसला.

मेहरुनबी मुलाणींनी हा प्रयोग दरवर्षी केला होता. आणि दरवर्षी पहिला थेंब पडला की त्या हात वर करून एकच वाक्य सांगायच्या. दिसायला नितळ म्हणजे पिण्याजोगं नव्हे, उकळल्याशिवाय ओठाला लावायचं नाही. पोरांकडून ते घोकून घ्यायच्या. माण तालुक्याच्या दुष्काळी माळावर सगळी नोकरी काढलेल्या बाईला पाण्याचं मोल आणि पाण्याचं भय, दोन्ही ठाऊक होतं.

यंदा ते वाक्य राहिलं.

थेंब पडायला आणि केंद्रशाळेतून फोन यायला एकच गाठ पडली. प्रयोगाचे फोटो चारच्या आत टाका, पोरांचे चेहरे हसरे दिसू द्या. बाई फोटोच्या मागे लागल्या. कुणाचं नाक पुसा, कुणाला पुढे घ्या. त्या गडबडीत प्रांजलनं पदर ओढला होता.

"बाई, ह्ये पानी आता निवळ झालं ना?"

"हो गं बाळा, झालं," बाई फोनमध्ये बघत म्हणाल्या.

"घरी न्हेऊ?"

"ने."

तो "ने" आत्ता कुठे त्यांच्या कानात नीट वाजला.

बाहेर अंबूबाई खिचडीचं पातेलं घासत होती. शाळेचा आहार शिजवणारी ही बाई. कुणाच्या घरी काय शिजलं आणि काय करपलं, सगळं तिला माहीत. बाईंनी विचारलं, प्रांजल बाटली घेऊन गेली का.

"छातीशी धरून पळाली की. म्हातारीला पाजते म्हनत हुती."

"कुठल्या म्हातारीला?"

"आवं बाई, हरणाबाईला. तिच्या आजीला. जुलाबानं पार गळाठली हुती. दहिवडीला सलाईन लावून परवाच आणली. डॉक्टरनं सांगितलं म्हनं, निवळ पानी पाजा. पोरीनं त्येच डोस्क्यात धरलंय."

बाईंना सकाळची बादली आठवली. तळ्यात पाणी म्हणायला उरलं होतं. मधल्या डबक्यात म्हशी बसायच्या, मेंढरं उतरायची, आणि गेल्या आठवड्यात एक कुत्रं फुगून वर आलं होतं. जितकं गढूळ तितका प्रयोग खुलतो म्हणून त्यांनीच तिथली बादली भरून आणवली होती.

त्यांनी प्रांजलच्या मेंढपाळ बापाला, जोतीरामला फोन लावला. लागला नाही. माळावर रेंज नसते. वस्तीवर जावं तर वस्ती कुठे? मेंढरांचा वाडा, म्हणजे माणसांसकट सगळा तळच, कालच हलला होता. आता कुठे बसलाय ते अंबूबाईलाही सांगता येईना.

बाई पुन्हा वर्गात आल्या, आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ताटाशी उकिडव्या बसल्या.

आजच परिसर अभ्यासाच्या तासाला पोरांनी ताटात वाळू पसरून "माझं घर ते माझी शाळा" मांडलं होतं. काडेपेटीचं घर, काटक्यांची झाडं, निळ्या कागदाचं तळं. सगळ्यांनी घरं डिंकानं घट्ट बसवली. प्रांजलनं नुसतीच ठेवली. "आमचं घर परत हलनार हाय, बाई. चिकटवून काय करू?" वर्ग खिदळला. बाईही हसल्या होत्या, आणि वाकडं घर फोटोत बरं दिसत नाही म्हणून तिचं ताट त्यांनीच उचलून कोपऱ्यात सरकवलं होतं.

सरकवताना काडेपेटी घसरून कडेला गेली होती. बाकीचं जागच्या जागी होतं. खडूचा तुकडा म्हणजे शाळा. पिवळ्या कागदाचं निशाण म्हणजे बिरोबा. पुढे एक पवनचक्की, तिचं एक पातं मुद्दाम मोडलेलं. तिच्याही पलीकडे दोन बाभळी, आणि एका बाभळीच्या काट्याला चिमूटभर लोकर अडकवलेली. घर घसरलं होतं, पण मेंढरं तिथंच होती.

बाईंनी पर्स खांद्याला लावली आणि स्कूटी काढली.

दिवस कलला होता. रमजानचा महिना, पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता, आणि आता जीभ टाळूला चिकटत होती. बिरोबाचं देऊळ मागं पडलं. रस्त्यात मेंढपाळांतलाच धनाजी भेटला. बाईंना इकडे बघून त्याला गंमत वाटली. आमच्या मेंढरांची हजेरी घ्यायला निघाला काय, म्हणाला. बाई हसल्या नाहीत. वाडा तळ्याच्याच अंगाला बसलाय, एवढं मात्र त्यानं सांगितलं, आणि तळ्याचं नाव ऐकून बाईंनी गाडी आणखी पिळली.

या माळावर बाईंचा शब्द शेवटचा असायचा. बाई म्हणाल्या नखं काढा, की घरोघरी नखं निघायची. बाई म्हणाल्या दगड उचलताना विंचू बघा, की पोरं बापालाही दटावायची. तो शब्द आज एका पोरीनं बाटलीत भरून नेला होता. म्हातारी पिईल. का पिणार नाही? बाईंनीच सांगितलंय, निवळ हाय.

तुटक्या पात्याची पवनचक्की आली. पुढे गाडीवाट वाळूत बुडाली. स्कूटी तिथंच लावून बाई चालत सुटल्या. चपलेत खडे शिरत होते, ते काढायलाही त्या थांबल्या नाहीत. दोन बाभळी दिसल्या, जाळीच्या कुंपणात दाटलेली मेंढरं दिसली, आणि कुत्री अंगावर धावून आली. कुणीतरी शीळ घातली. कुत्री जागीच बसली.

"बाई? तुमी हिकडं?" जोतीराम पुढं आला.

बाईंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. बाभळीच्या बुडाशी दोन फाट्यांची काठी रोवून तिला तळ्याचं पाणी भरलेली उलटी बाटली बांधली होती. खाली तांब्या. टप, टप, टप. तांब्यापाशी प्रांजल बसली होती, पाळण्यापाशी बसावं तशी. पलीकडे घोंगड्यावर हरणाबाई पडली होती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले.

"पाजलं का?" बाईंचा आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"कुठलं," जोतीराम म्हणाला. "आई पेईना. घसा वाळलाय, तरी पेईना. पैलं पानी बाईंचं, म्हनती."

हरणाबाई कोपरावर उठली. दमानं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलली. "मेंढी व्याली की दुदाची पैली धार बिरोबाची. मग ह्ये तर इद्येचं पानी. ज्येनं इद्या दिली त्येच्या आदी मी कसं पिऊ? पोरगी उंद्या शाळंत घिऊन येनार हुती. आन तुमी सोता आला." तिनं पश्चिमेकडं मान वळवली. "रोजा आसंल तुमचा. दिस बुडाला बगा. घ्या. ह्येच पान्यानं सोडा."

प्रांजलनं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. पेला दोन्ही हातांत धरून ती बाईंसमोर उभी राहिली. पाणी खरंच नितळ होतं. बुडालेल्या दिवसाची तांबूस लकेर त्यात हलत होती. प्रांजलची आई चुलीपासून उठून बघत होती, जोतीराम बघत होता, हरणाबाई बघत होती. बाईंनी घोट घेतला की दुसरा घोट म्हातारीचा.

बाईंनी पेला हातात घेतला.

सुटायच्या वाटा कितीतरी होत्या. पेला हातातून निसटला म्हणावं. रोजा घरी जाऊनच सोडते म्हणावं, पाणी बरोबर न्यावं, राहिलेलं वाक्य उद्या वर्गात सांगून टाकावं. कुणाला कळणार नव्हतं. पण बाटलीतून थेंब पडतच होते. बाईंची पाठ वळली की तांब्या पुन्हा भरणार होता.

त्यांनी पेला खाली ठेवला.

"मावशी, हे पाणी पिऊ नका. माझं चुकलं."

"चुकलं म्हंजी?" जोतीरामनं विचारलं.

बाईंनी सांगितलं. गाळलं म्हणजे गाळ गेला, रोग जात नाही. ते उकळावं लागतं. हे दरवर्षी सांगते, आज सांगायचं राहिलं. फोटोचंही सांगितलं. काही झाकलं नाही.

जोतीरामनं घोंगड्याकडं बघितलं. मग म्हणाला, "आई मरता मरता वाचलीया, बाई. सोताच्या नातीच्या हातनं पेली आसती."

मेंढरं रवंथ करत होती. प्रांजल पेल्याकडं बघत होती.

"म्हंजी माजं पानी घान हाय?"

बाईंना जोतीरामचं बोलणं सोसलं होतं, हे सोसेना. त्या तिच्यासमोर मातीत बसल्या. "तू नीट गाळलंयस. वर्गात कुणी गाळलं नाही इतकं. माझा धडा अर्धा राहिला, तुझं पाणी नव्हे."

घोंगड्यावरून हरणाबाईचा आवाज आला. "बाई बी चुकत्यात व्हय?"

"चुकतात, मावशी."

"मग बसा की. आमच्यातल्याच झाला."

जोतीराम हसला नाही. पण तो उठला, वाळकी काटकी मोडून चुलीत सारली आणि फुंकर घातली. तीन दगडांवर त्याच गाळलेल्या पाण्याचं पातेलं चढलं. बाईंनी पर्समधला खजूर काढून तोंडात घातला. कोरड्या घशात तो चिकटून बसला, खाली उतरेना. जोतीरामच्या बायकोनं हंड्यातलं पाणी पुढं केलं. बाईंनी मान हलवली. तिकडे म्हातारी तशीच तहानलेली पडली होती. तिच्याआधी आपला घसा ओला करायला मन होईना. दोघी एकमेकींकडं बघत पाणी उकळायची वाट पाहत राहिल्या.

पर्समध्ये फोन दोनदा थरथरला. वाऱ्याची एखादी वावटळ इथवर रेंज घेऊन आली असावी. बाईंनी बघितलं नाही. त्या प्रांजलला दाखवत होत्या, हे बारके बुडबुडे खरे नव्हेत, थांब, अजून थांब, खळखळून वर येऊ दे, मग आणखी थोडं. प्रांजल चुलीजवळ वाकली होती, जाळानं चेहरा तांबडा झालेला. मघाचं मोडलेपण तिथं अजून होतं, पण डोळे पातेल्यात होते.

आणि हरणाबाईनं, अंगात त्राण नसताना, बारीक आवाजात ओवी धरली. जात्यावरच्या बायका जुळवतात तशी, त्या घडीची, त्या घडीपुरती.

"तीन दगडांची चूल, वर पान्याला उकळी
माज्या नातीची गं शाळा, आज माळावर भरली."

पाणी उतरवलं. प्रांजलनं ते तांब्यातून पेल्यात, पेल्यातून तांब्यात, उंच धार धरून निववलं. अंधुक उजेडात ती धार वर-खाली होत राहिली. पहिला घोट बाईंना घ्यावाच लागला, म्हातारी ऐकेना. पाण्याला धुराचा वास होता, आणि थोडा मेंढरांचा. मग हरणाबाई प्याली. तिचा सुरकुतला गळा खाली-वर होताना बाई बघत होत्या, आणि पेला रिकामा झाला तरी बघतच राहिल्या.

निघताना जोतीराम बॅटरी घेऊन स्कूटीपर्यंत आला. बाईंची गाडी सुरू होईस्तोवर उजेड धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी ते वाक्य सांगितलं नाही. प्रांजलला पुढं उभं केलं. तिनं बोट वर करून सांगितलं, बुडबुडं बारकं आलं तर ते खरं न्हवं, आणि मागाहून पोरांकडून घोकूनही घेतलं. हरणाबाईची खबर बाई रोज अंबूबाईला विचारत. पेज खाल्ली. उठून बसली. शेवटी एकदा अंबूबाई म्हणाली, "म्हातारी सामानाच्या घोड्यामागनं काठी टेकत गेली बगा, सकाळीच."

"गेली म्हणजे?"

"आवं, वाडा हलला न्हवं. समदी कराडच्या अंगाला गेली म्हनत्यात. आता पावसाळ्याबिगर कुठलं येत्यात."

बाई वर्गात गेल्या. प्रांजलची जागा मोकळी होती. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ताटात वाळू तशीच होती, खडूची शाळा, मोडक्या पात्याची पवनचक्की, काट्यावरची लोकर. काडेपेटी तेवढी नव्हती. जाता जाता पोरीनं आपलं घर उचलून नेलं होतं.

पण दोन बाभळींच्या मध्ये, आधी नसलेलं काहीतरी होतं. बाई खाली वाकल्या. तीन बारके खडे एकमेकांकडं तोंड करून मांडलेले, आणि मधोमध कोळशाचा एक कण. वाडा उठून गेल्यावर माळावर चूल राहते, तसे.

घंटा झाली. बाईंनी ताट दोन्ही हातांनी उचललं, खडे हलू नयेत अशा बेतानं, आणि खिडकीपाशी नेऊन ठेवलं.