गोधडीचा पांढरा गोट

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो, नळदुर्गची. हायवेवर एका ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, त्याच्या पोलादातून बब्रुवान लोहाराने मला घडवले. म्हणून मी जरा जड आहे, आणि तोंडाळही. बाजारातल्या रंगीत मुठीच्या कात्र्या फुशारक्या फार मारतात, पण जाड गोधडी पुढे आली की त्यांची दातखीळ बसते.

माझी मालकीण नसीमबी. जुन्या साड्यांच्या, लुंग्यांच्या गोधड्या शिवण्यात तिचा हात धरणारे गल्लीत कुणी नव्हते. गोधडीच्या कडेला जी पट्टी लावतात, तिला गोट म्हणतात. हा गोट नसीमबीने कधी विकत आणला नाही. ती कापड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे दुमडायची आणि त्या रेषेवर मला चालवायची. असा तिरपा, म्हणजे उरेब कापलेला गोट गोल कोपऱ्यावरही सुरकुती न पडता वळतो. मात्र त्याला कापड फार लागते. एकदा उरेब कापले की ते कापड दुसऱ्या कामाचे राहत नाही.

या हिवाळ्यात नसीमबीची लेक रुकसाना बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. आजीने नातवासाठी छोटी गोधडी शिवायला घेतली, पण गोट लावायचा राहिला आणि मध्येच तिच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. सुईला हात लावायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हा सून फरहानाने सोलापुरातून तयार पट्टी आणली. गुलाबी, चकचकीत. मशीनवर ती भरकन लावलीसुद्धा.

नसीमबीने कडेवरून बोट फिरवले. "चांगलं झालं," एवढेच म्हणाली.

मी पेटीत रिकामी पडून धुमसत होते. दोन दिवसांत त्या पट्टीला कोपऱ्यांवर चुण्या पडल्या, तिची कड घासून बाळाचा गाल लाल झाला, आणि खरे सांगते, मला मनातून बरे वाटले. लेकराला त्रास झाला आणि मला बरे वाटले! त्याची लाज मला अजून वाटते.

फरहानाला तर घास गोड लागेना. "माझ्या आळसापायी लेकराला तरास झाला," असे ती रुकसानाजवळ सारखी म्हणायची. पुढच्या आठवड्यात रुकसाना भूमला सासरी जाणार होती. त्याआधी आपल्या हाताने उरेब गोट लावायचा, असे फरहानाने ठरवले. नसीमबी डोळे दाखवायला सोलापूरला गेली, रुकसाना बाळाला घेऊन शेजारी गेली, तेव्हा फरहानाने गुलाबी पट्टी उसवली आणि मऊ सुती कापडासाठी पेटी उपसली. तळाशी उशीच्या अभ्र्यात एक पांढरे कापड होते. धुऊन मऊ झालेले, कापराच्या वासाचे. सासूने गोटासाठीच ठेवले असेल, असे तिला वाटले.

ते कशाचे होते हे मला ठाऊक होते. नसीमबीला हजला जायला जमले नाही. तिचा भाऊ समद जाऊन आला, तेव्हा त्याने ते तिच्या कफनासाठी आणले होते, झमझमच्या पवित्र पाण्यात भिजवून. नव्या सुनेपुढे मरणाची गोष्ट कशाला, म्हणून नसीमबीने फरहानाला कधी सांगितले नाही. मला दोन पाती आहेत, पण जीभ नाही. फरहानाने कापड तिरपे दुमडले आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. आणि मित्रांनो, मी फार सुरेख चालले.

संध्याकाळी नसीमबी आली. तिने गोधडीच्या कोपऱ्यावरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उजळला.

"उरेब कापलंस व्हय गं? लई साजरा बसलाय! कापड कुठलं म्हणायचं?"

"तुमच्या पेटीतलं, अम्मी. अभ्र्यातलं, पांढरं."

नसीमबीचा हात जागीच थांबला. रुकसाना एकदम बोलून गेली, "भाभी, ते अम्मीच्या कफनाचं होतं!"

फरहाना गोधडी ओढून धागा शोधू लागली. "मी उसवते, अम्मी. सगळं कापड जोडून देते. कळणारबी न्हाय असं शिवते."

"कफनाला शिवण नसती, बाई," नसीमबी म्हणाली.

फरहाना रडत होती. करायला गेली एक आणि झाले भलतेच. नसीमबीने तिच्या हातातून गोधडी काढून घेतली आणि बाळाच्या अंगावर घातली.

"ऱ्हाऊ दे आता. जपून जपून म्या ते एकदाबी अंगाला लावलं न्हाय. ह्याच्या तरी गालाला लागलं. मला बाजारातलं कोरं आणा, चालंल. मला कुठं टोचणाराय ते?"

बाळ ती गोधडी घेऊन भूमला गेले. फरहानाने बाजारातून पांढरे कापड आणून अभ्र्यात ठेवले. नसीमबी तिला त्यावरून आजवर एक शब्द बोललेली नाही. भूमहून फोन येतो, बाळ गोट मुठीत धरून झोपते असे रुकसाना कौतुकाने सांगते, आणि फरहाना फोन सासूच्या हातात देऊन आत निघून जाते. तिने मला पुन्हा हातात घेतलेले नाही. मी गंजते आहे, आणि तिला दोष द्यायला मला तोंड नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला विनवते. हाताने शिवा, नाहीतर तयार आणा. दोन्हींत काही पाप नाही. पण कापडाला कात्री लावण्याआधी ते कुणी कशासाठी जपले आहे, हे त्या माणसाला विचारा. मी कुणाच्याही हातात सारखीच चालते. मला थांबता येत नाही, तुम्हाला येते.