पाहुणीचं बी

प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या कपाटात नळ्या ठेवून तिने दार लावलं. पिशवीला गाठ मारली होती का?

सकाळी कालव्याच्या वळणावर तिने झुडपाच्या फांदीवरची कापडी पिशवी सोडली, पानं खुडली, बर्फाच्या डब्यात घातली. पानं तापली की गुण जातो, म्हणून धावतच निघाली. एवढं लख्ख आठवत होतं. गाठ आठवत नव्हती.

या झुडपाला तिचा दादा आणि त्याची तण उपटणारी टोळी ‘पाहुणी’ म्हणत. परमुलखातून आली, ओसरीवर टेकली आणि घर बळकावून बसली. दोन वर्षं खपून दादाने कालव्याचा काठ मोकळा केला होता. नियम एकच, फुलायच्या आत मुळासकट उपटायची. पिकलेलं बी म्हातारीच्या कापसासारखं उडतं. तिला मात्र बी धरलेल्या फांदीचीच पानं हवी होती. पाहुणीच्या पानांत तेलाला खवट होऊ न देणारं अँटिऑक्सिडंट सापडलं होतं आणि बी धरताना ते वाढतं, असा तिचा अंदाज होता.

“तीन झुडपं ठेव,” ती म्हणाली होती.

“साप पाळ म्हणतेस.”

“पिशव्या बांधते ना फांद्यांना, बी आतच राहील!”

“एक जरी उघडी दिसली तर तिन्ही उपटीन. मग आईकडे चुगली करायची नाही.”

तिने दादाला फोन लावला. वाजून बंद झाला. कामावर असताना तो फोन जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवायचा. खिडकीबाहेर झाडं डोलत होती. कपाट मात्र अर्धा तास उघडता येणार नव्हतं. उजेड लागला तर नळ्यांतला जांभळा रंग आपोआप उडतो आणि पानांनी काय केलं ते कळत नाही.

“बस की जरा,” तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. “फरशी झिजवशील.”

वेळ झाली. पानांचा अर्क न घातलेली नळी जांभळीच होती. कोवळ्या पानांची फिकट जांभळी. आज सकाळच्या, बी धरलेल्या फांदीच्या पानांची स्वच्छ पिवळी; जेवढा जांभळा गेला तेवढा गुण जास्त.

“वा!” सरांनी नळी उजेडाकडे धरली. “आता आणखी दोनदा असंच यायला हवं. परवा पुन्हा पानं आण.”

“आणते,” ती म्हणाली आणि अंगातला ॲप्रन न काढताच बाहेर पडली.

कालव्यावर टोळी दूरच्या टोकाला पाठमोरी वाकली होती. पिशवी फांदीला नाडीवर लोंबत होती, तोंड आ वासून. फांदीचा अर्धा शेंडा बी उडून बोडका झाला होता. तिने झडप घालून पिशवी शेंड्यावर ओढली, नाडी आवळली. कोणी पाहिलं नव्हतं. आता गाठ मारली की झालं.

मोकळ्या काठाच्या ओल्या मातीवर पांढरे ठिपके दिसले. इथे चार, तिथे दहा, पुढे मोजता येईनात.

“दादा!”

तो आला. आधी पिशवीकडे, मग मातीकडे पाहिलं.

“कोणी सोडली?”

“मी. बांधायची राहिली.”

“वाऱ्यावर ढकललं असतंस तरी खपलं असतं.”

“बी काठभर पडलंय, दादा.”

तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. “प्रयोगाचं काय?”

“जमला.”

“किती वेळा?”

“एकदा.”

“एकदा चालतं?”

“नाही.”

तो हातमोजे चढवत तिच्याकडे बघत राहिला. तिने उरलेल्या पिशव्यांच्या गाठी एकेक ओढून पाहिल्या आणि पहिलं झुडूप स्वतःच बुंध्याशी धरलं. “ओढ.”

तिन्ही झुडपं पिशव्यांसकट निघाली. मग गोणपाटं भिजवून सगळी टोळी गुडघ्यांवर बसली. ओल्या गोणपाटाला बी चिकटतं.

“शिकलेल्यांचा पसारा,” टोळीतल्या एक वयस्कर आत्या पुटपुटल्या, “आणि गुडघे आमचे.”

ॲप्रनच्या खिशात फोन वाजू लागला. सरच असणार.

“उचल की,” दादा म्हणाला.

“हात भरलेत.” तिने गोणपाट पुढच्या ठिपक्यावर दाबलं. वारा पुन्हा सुटला होता.