न वाचता येणारं सामान

मित्रांनो, मी संगणकातला बावीस ओळींचा एक जुना कोड आहे. बारावं वर्ष लागलंय मला, म्हणजे आमच्यात म्हाताराच की! जुन्या फिती आणि पत्रं संगणकात उतरवून देणाऱ्या एका दुकानात मी राहतो. दुकान चालवणाऱ्या ताईंनीच मला लिहिलं.

माझं काम दारावरचं. येणारं सामान दोन तऱ्हेचं. एक मजकूर, म्हणजे वाचता येणारी अक्षरं. दुसरे कच्चे बाइट, म्हणजे नुसते आकडे. त्यांत आवाज असतो, चित्र असतं, पण वाचायला गेलं तर डोकं फिरतं. मजकूर नीट लावायचा आणि बाइट बोटही न लावता पुढे धाडायचे. माझ्यावर डोळे मिटून विसंबावं, असं ताई कौतुकानं सांगत. आणि खरंच मिटले डोळे! सात-आठ वर्षं कोणी मला उघडूनही पाहिलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग ताईंच्या धाकट्या जाऊबाई कामाला आल्या. हुशार बाई. एका पत्रातल्या बिघडलेल्या अक्षरावर मी अडलो, तेव्हा त्यांनी माझ्यात ओळ घातली, की काहीही आलं तरी मजकूरच समज आणि कळणार नाही ते गाळून टाक. पत्रं झरझर जाऊ लागली. मीही खूश.

त्याच दुपारी एक सुतारकाका वारलेल्या आईच्या आवाजाची फीत घेऊन आले. फीत इतकी जीर्ण, की एकदाच वाजली आणि तुटली. आता तो आवाज फक्त माझ्या दारातल्या बाइटांत होता, आणि मी काम संपवलं की मूळ बाइट पुसले जायचे. मला त्यातलं ओ की ठो कळेना. मी गाळत सुटलो. हुकूम तो हुकूम.

नशीब, ताईंनी शेवटी एक तपासणी ठेवली होती: आवाजाची फाइल असेल तर आलेले आणि गेलेले बाइट मोज, फरक पडला तर थांब. मोजले, तर निम्मेही भरेनात. मी थांबलो. मूळ बाइट जिथल्या तिथे राहिले.

जाऊबाईंचा चेहरा पडला. ताईंनी मला ओळ न ओळ वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, आपल्याला वाचता येत नाही म्हणून ते कचरा नसतं."

जाऊबाईंनी स्वतः ती ओळ काढली. बिघडलेल्या अक्षरावर आता मी नुसती खूण करतो. काकांचे बाइट मी जसेच्या तसे पुढे धाडले.

आता ताई मला दरवर्षी उघडून वाचतात. माझ्या माथ्यावर त्यांनी एक टिपण लिहून ठेवलंय. मित्रांनो, मला हात लावण्याआधी तेवढं वाचा: "आईची हाक ऐकून काका खुर्चीतून उठले आणि म्हणाले, 'आलो गं.' हे दार जपा."