दोन बोटांचा राजमा

मी एक जुना कुकर आहे. जाड बुडाचा, मोठ्या पोटाचा आणि एका कानाने किंचित वाकडा. मित्रांनो, म्हाताऱ्या भांड्यांना आठवणी सांगायची फार हौस असते, हे मला ठाऊक आहे. पण मला आज फक्त एका दुपारबद्दल बोलायचे आहे. त्या दुपारी माझ्या पोटात वाफ कोंडली होती, दूर कुठेतरी एका आजारी बाईच्या हातात भरलेला चमचा होता आणि तो तिच्या तोंडात जाऊ नये म्हणून मी जिवाच्या आकांताने धडपडत होतो. तिथपर्यंत पोहोचायला थोडे मागे जावे लागेल. कंटाळू नका.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. जाड पत्र्याची गोल चकती दाबयंत्राखाली गेली आणि मी आकाराला आलो. तपासणी करणाऱ्या बाईने मला वाफेवर चढवले. शेजारचे धाकटे कुकर भराभर शिट्ट्या मारून मोकळे झाले, पण मी मात्र ढिम्म. तिने मला टाकाऊ ढिगात सरकवण्यासाठी हात पुढे केला आणि नेमकी तेव्हाच माझी शिट्टी वाजली. "मोठा आहे ना, वेळ लागणारच. पण बघ कसा खणखणीत वाजला," ती म्हणाली. तेव्हापासून मी असाच आहे. माझ्या एका शिट्टीत लहान कुकरच्या चार-पाच सहज होतात. याला कुणी आळस म्हणतात. मी त्याला खोली म्हणतो.

मला विकत घेतले ते गणवेश शिवणाऱ्या एका बाईने. कामावर सगळे तिला ताई म्हणत. ती जिथे शिवायची ती लांबच लांब खोली होती, तिथे शिवणयंत्रांच्या रांगा होत्या आणि शेवटी इस्त्रीचे टेबल. टेबलाजवळ उभ्या असायच्या इस्त्रीवाल्या मावशी. कापडाच्या थप्प्यांजवळ कटिंग करणारी एक तरुण मुलगी होती. तिचे नाव सगळ्यांनी कात्री ठेवले होते, कारण कापड आणि माणसे ती सारख्याच सफाईने कापायची. या तिघींची गट्टी होती. तिघींचे जेवणही सारखेच होते: चहात बुडवलेला पाव.

मावशी दिवसभर वाफेत उभ्या राहायच्या. एके दिवशी त्या इस्त्री हातात असतानाच कोसळल्या. डॉक्टरांनी तपासले आणि वैतागून विचारले, "यांच्या पोटात चहाशिवाय काही जातं की नाही? डाळी, कडधान्यं, पालेभाज्या काही खाता का?" मावशी एकट्या राहायच्या. एकटीसाठी काय शिजवायचे, असे म्हणून त्या टाळायच्या. दुसऱ्याच दिवशी ताईने मला पिशवीत घातले आणि कामावर नेले. इस्त्रीच्या खोलीमागे चहाची शेगडी होती. ती शेगडी माझी झाली.

काय दिवस होते ते! मसूर आणि चिरलेला पालक, वर ठेचलेला लसूण आणि उतरवल्यावर लिंबू. चवळी आणि लाल भोपळ्याच्या फोडी. हरभरे, गाजर आणि टोमॅटो. सगळ्या वस्तू साध्या, मसाला बेताचा, पण झाकण उघडले की यंत्रे आपोआप थांबायची. आज हिने पालक आणायचा, उद्या तिने चवळी भिजवून आणायची. हळूहळू खोलीतल्या बाकीच्या बाया विचारू लागल्या की हे कसं केलं. आता त्या खडखडाटात सांगणार कसे? घसा फुटला तरी शेजारणीला ऐकू जायचे नाही. म्हणून या बायांनी एक सोपी रीत काढली. जिन्नस वर धरून दाखवायचा आणि बोटे उभी करायची. चवळी आणि एक बोट. हरभरे आणि दोन बोटे. राजमा आणि दोन बोटे. बोटे म्हणजे शिट्ट्या. समोरची मान डोलवायची आणि पुन्हा सुईकडे वळायची. असा स्वयंपाक त्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. मावशींच्या गालांवर रंग आला. माझे कौतुक तर विचारूच नका. कात्रीने मला सुस्तोबा म्हणायला सुरुवात केली, पण माझी शिट्टी झाल्याशिवाय जेवायला मात्र ती बसत नसे.

मग दिवस फिरले. कात्रीचे लग्न झाले आणि ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. ताईच्या मुलाने आईसाठी विजेवर चालणारे भांडे आणले. त्याला बटण होते, दिवा होता आणि शिट्टी नव्हती. माझी रवानगी ओट्याखालच्या कप्प्यात झाली. माझ्या पोटात कांदे भरले गेले. माझी शिट्टी खणात गेली, रबरी धाग्यांच्या गुंत्यात. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

त्यानंतर कळले की मावशींच्या पोटाचे ऑपरेशन झाले आहे. त्यांना घरी कोण बघणार? कात्री रिक्षा घेऊन थेट रुग्णालयात गेली आणि त्यांना आपल्या घरी घेऊन आली. ताईच्या फोनवरच्या बोलण्यातून मला सगळे समजायचे. डॉक्टरांनी बजावले होते की जे खायला द्याल ते पुरते मऊ शिजवून द्या. पोट बिघडून वांत्या झाल्या, तर टाके ताणले जातील आणि पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावे लागेल. या वयात दुसऱ्यांदा ते झेपेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

भाताची पेज खाऊन मावशी विटल्या होत्या. सुट्टीच्या आदल्या दिवशी फोनवर त्या ताईला म्हणाल्या, "मला तो आपला कामावरचा राजमा हवाय बघ. डॉक्टर म्हणाले, अगदी मऊ असेल तर चालेल."

"मग करूया की!" ताई म्हणाली. "कात्री, आज रात्री राजमा भिजत घाल. मीही इथे घालते. उद्या दुपारी फोन चालू ठेवू आणि तिघी एकदम जेवू."

दुसऱ्या दिवशी ताईने कांदे ओतून टाकले, मला घासले, खणातून शिट्टी शोधून काढली. "यात सुस्तोबाचीच चव पाहिजे," ती म्हणाली आणि मी विरघळलो. शेगडीशेजारी फोन उभा केला गेला. आवाज मोठा होता, त्यामुळे कात्रीचे स्वयंपाकघर मला लख्ख ऐकू येत होते.

"ठेवला गं?"

"ठेवला. हा माझा लग्नातला कुकर. एवढुसा आहे, पण चकाचक. सासूबाई कुणाला हात लावू देत नाहीत, आज त्या गावाला गेल्यात म्हणून."

माझ्या पोटात भिजलेला राजमा नुकता कुठे हलू लागला होता. तोच फोनमधून बारीक, घाईची शिट्टी आली. मला हसू आले. धाकट्यांचा उत्साह! थोड्याच वेळात दुसरी आली.

"झाल्या दोन," कात्री म्हणाली. "बंद करू?"

ताई काकडी चिरत होती. तिने वरसुद्धा पाहिले नाही. "दोनच ना? कर बंद."

मित्रांनो, माझे हसू तिथेच गोठले. ती दोन बोटे माझी होती! माझ्या दोन शिट्ट्या, माझ्या जाड बुडाच्या, माझ्या सावकाश वाफेच्या. त्या चिमुकल्या कुकरच्या दोन शिट्ट्यांत राजम्याला जेमतेम ऊब लागली असणार. आणि अर्धाकच्चा लाल राजमा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. धडधाकट माणसालाही तो ओकायला लावतो. इथे तर टाके घातलेले पोट होते.

मी ओरडायचे ठरवले. पण ओरडणार कशाने? माझ्याकडे एकच आवाज आहे आणि तो वाफेशिवाय निघत नाही. मी सगळी वाफ वर लोटू लागलो. शिट्टी थरथरली, पण उठेना. फोनमध्ये फुस्स झाले. कात्रीने चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडून दिली होती. झाकण निघाल्याचा आवाज आला. पळी वाजली. वाटी टेकवली गेली.

"मावशी, घ्या. फुंकर मारून खा हं. वास बघा कसा सुटलाय!"

"वास तर तोच आहे गं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका क्षीण झाला होता की एरवी मी त्यांना ओळखलेच नसते. "ताई, तुझं झालं का?"

"होईल आता. तुम्ही सुरू करा, गार होईल."

अगं ताई! मी आतून उकळत होतो. वाज, मेल्या, वाज, असे मी स्वतःलाच म्हणत होतो. सगळ्या आयुष्यात मला माझ्या संथपणाची लाज वाटली नव्हती, ती तेव्हा वाटली. एक शिट्टी, फक्त एक, म्हणजे ताई दचकून माझ्याकडे बघेल. माझ्या कडेने थेंब गळून शेगडीवर चुरचुरले. तेवढेच माझ्याने झाले. फोनमध्ये फुंकर मारल्याचा आवाज आला. मग चमचा वाटीला लागला. मग काहीच नाही.

"मावशी?" कात्रीने विचारले. "मीठ बरोबर आहे ना?"

मावशींचे तोंड भरलेले होते, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होते. "थांब जरा. मी काय म्हणते, तुझ्या दोन्ही शिट्ट्या झाल्या. तिकडे सुस्तोबा एकदाही ओरडला नाही. ताई, गॅस पेटवायला विसरलीस की काय?"

"विसरेन कशी? हा काय, मोठ्या आचेवर तर—"

ताईचा हात काकडीवर थांबला. तिने माझ्याकडे पाहिले. मग फोनकडे. मग पुन्हा माझ्याकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"थुंका!" ती एवढ्याने ओरडली की सुरी खाली पडली. "मावशी, थुंका! गिळू नका! कात्री, वाटी काढून घे त्यांच्या हातातून!"

फोनमध्ये खुर्ची सरकली, काहीतरी सांडले, कात्रीचे "काय झालं, काय झालं" चालू होते. ताईने कट्टा घट्ट धरला होता. मीही श्वास रोखला होता, म्हणजे माझ्या परीने. गिळला असेल तर? तिकडून उत्तर यायला युगे लागली.

"थुंकले गं बाई," शेवटी मावशी म्हणाल्या. "एवढं काय बोंबलतेस? शेजारी धावत येतील."

"एकही दाणा पोटात नाही गेला ना?"

"नाही म्हटलं ना! दाताखाली कचकन लागला, म्हणून चघळतच बसले होते."

"कात्री, एक दाणा घे आणि चिमटीत दाब."

मग कात्रीचा आवाज, आणि त्यातली सगळी धार गेली होती. "ताई, दबतच नाहीये. आत खडू आहे नुसता."

आणि तेव्हा, मित्रांनो, माझी पहिली शिट्टी झाली. खणखणीत, लांबलचक, कुणाच्याही कामाची नसलेली. ताई दचकली आणि मग तिला रडू आले. मला मात्र एक गोष्ट उशिरा समजली. मी वाजायला धडपडत होतो. मी थोडा आधी वाजलो असतो, तर मावशींना वाटले असते की तिकडेही सगळे वेळेवर चालले आहे, आणि त्यांनी तो घास गिळला असता. माझ्या गप्प बसण्यानेच त्यांना शंका आली होती. ज्याची लाज वाटली, त्यानेच लाज राखली.

"मी मावशींना काय खाऊ घालत होते!" कात्री हुंदके देत होती. "मला कळायला नको का?"

"तुला कुठून कळणार? दोन बोटं मीच दाखवली होती तुला," ताई म्हणाली. "कुठल्या कुकरची, ते कुणी सांगितलं? डोळे पूस आणि तो पुन्हा चढव. शिट्ट्या मोजू नकोस. दाणा चिमटीत लोण्यासारखा दबला की मगच उतरव."

मग ती एकदम थांबली. "कात्री, आपण ही बोटं अजून कुणाकुणाला दाखवली गं?"

त्या लांब खोलीतल्या साऱ्या बाया डोळ्यांपुढे आल्या. काही जणी आता दुसरीकडे कामाला होत्या, एकीच्या घरी तान्हे बाळ होते. छोटा कुकर पुन्हा शेगडीवर चढला आणि राजमा शिजेपर्यंत ताईने शेजारणीचा फोन मागून आणला. एका फोनवर मावशी आणि कात्री, दुसऱ्यावर एकामागून एक जुन्या मैत्रिणी. "अगं, राजमा कधी केलास का? पोटाला काही झालं नाही ना? नाही, भांडायला नाही केला फोन, ऐक तर!" एकीने कबूल केले की राजमा खाल्ला की घरात सगळ्यांचे पोट बिघडते, म्हणून तिने तो बंदच केला होता. बिचारा राजमा उगाच बदनाम झाला होता.

तिकडे तो छोटा कुकर शिट्ट्या मारून मारून दमला. कात्रीने झाकण उघडले, दाणा दाबला, पुन्हा झाकण लावले, पुन्हा उघडले. शेवटी तिचे समाधान झाले. मग तिने स्वतः खाल्ला आणि मगच वाटी भरली. ताई माझ्याशेजारी फोनला कान लावून उभी होती, तिच्या ताटातला राजमा तसाच होता. चमच्याचा आवाज आला. मावशींनी घास घेतला. त्या चावत होत्या, अगदी सावकाश, आणि आम्ही वाट बघत होतो.

"मीठ कमी आहे," मावशी म्हणाल्या.

ताई मटकन जमिनीवर बसली आणि हसत सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनीच फोन करून सांगितले की रात्र शांत गेली आणि आज चवळी हवी आहे.

मित्रांनो, मी आता पुन्हा कप्प्यात आहे. माझी रिंग सैल झाली आहे, ती कुणी बदलली तर मला आनंदच होईल. पण माझी खरी विनवणी वेगळीच आहे. मैत्रिणीला एखादा पदार्थ सांगाल, तेव्हा तिच्या घरचे भांडे तुमच्या घरच्यासारखे असेल असे धरून चालू नका. शिजलेला दाणा बोटांना कसा लागतो ते तिला सांगा. आणि तिचा पहिला घास घशाखाली उतरेपर्यंत फोन ठेवू नका.