उणे सहाची सकाळ

मेंजानं दार उघडलं, श्वास घेतला आणि रोजच्यासारखं थंडीनं नाक आतून चिकटलं नाही.

तीन आठवडे आभाळ निरभ्र, पानही हलत नव्हतं. दाराजवळच्या खांबावरचा पारा काल उणे एकतीसवर होता. आज उणे सहा. तिनं काचेवर टिचकी मारली. पारा जागचा हलला नाही. छपरावरचा बर्फ मात्र भुरुभुरु उडत होता. पहाटेच कधीतरी वारा सुटला होता.

समोरची आनेता डोक्याचा रुमाल सोडून बाकावर ऐसपैस बसली होती. "बघितलंस का गं मेंजा? आमच्या ह्यांनी तर लोकरीची आतली विजार काढून फेकली."

साऱ्या गावाच्या विजारींची खबर आनेताकडे असे, आणि एरवी मेंजानं तिला एखादा टोला नक्की हाणला असता. आज ती मान वर करून उतारावरचा गोठा शोधू लागली. तिथं ढग होता.

हिवाळ्यात या दरीत थंडी पाण्यासारखी वागते. बर्फानं झाकलेल्या उतारांवरून रात्रभर ओघळते आणि तळाला, नेमकी गावात, साचते. दोन तास वर चढलं की माणसं उन्हात शर्टावर बसतात. म्हणून मेंढ्या व्यायला आल्या की त्यांना वरच्या गोठ्यात न्यायचं, ही घरोघरची रीत. मेंजाचा नवरा बाल्झर अकरा मेंढ्या घेऊन गेला त्याला नऊ दिवस झाले होते. पण हा हिशेब वारा झोपलेला असेतोवरचा. वारा उठला की साचलेली थंडी उधळून लावतो. मग खाली ऊब आणि वर मरण. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तीन आठवड्यांच्या स्तब्ध हवेत मेंजा तेवढं विसरली होती.

बाल्झर निघाला तेव्हा तिनं घसरगाडीवरची निम्मी लाकडं उतरवून घेतली होती. शिवाय त्याचा मेंढीच्या कातड्याचा कोटही. "तू तिकडे ऊन खात बसणार. कुडकुडायला खाली मी आहे."

"घे बाई," तो म्हणाला होता. "नाहीतर वसंतापर्यंत ऐकवशील."

तो कोट आत्ता तिच्या अंगावर होता.

ती तडक धाकट्या दिराच्या घरी गेली. फ्लुरीन न्याहारी करत होता. "बसा वहिनी. आज काय हवा पडलीय!"

"भाऊजी, वर किती असेल?"

त्याचा चमचा वाडग्यातच थांबला. "उणे वीस. वाऱ्यात त्याहून वाईट. आणि वर तो कालपासूनच सुटला असणार." मग हळूच, "दादाकडे कोट आहे ना?"

फ्लुरीनची नजर तिच्या अंगावर गेली आणि तो उठला.

या चढावर मेंजा दर वळणाला ऊब वाढेल तसं कोटाचं एक बटण सोडत आली होती, लग्न होऊन आली तेव्हापासून. आज दर वळणाला गारठा वाढत गेला. चौथ्या वळणावर तिच्या पापण्यांवर बर्फ धरला. गोठा दिसला. धुराड्यातून धूर नव्हता.

फ्लुरीननं खांद्यानं दार ढकललं. आत गव्हाण नव्हती, तिच्या जागी भिंतीत चार खिळे होते. माळ्याची शिडी नव्हती. चुलीच्या राखेत दोन लोखंडी पट्ट्या पडल्या होत्या, बर्फावर घसरायच्या फळ्यांच्या. ज्यांवरून खाली येता आलं असतं, त्याही त्यानं जाळल्या होत्या.

कोपऱ्यात मेंढ्यांचा ढीग होता. ढिगातून दोन बूट बाहेर आले होते.

मेंजा मेंढ्या मोजू लागली. अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच. फ्लुरीननं एकीला कानाला धरून बाजूला ओढलं, तसा एक बूट हलला.

"दार लावा आधी," ढिगातून आवाज आला.

तिनं कोट काढला आणि त्याला घालू लागली. उजवा हात बाहीत गेला. डाव्या हाताची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी आणि ताठ होती, बाहीत शिरेनात. तिनं तो हात आपल्या स्वेटरखाली घेऊन उघड्या पोटावर दाबला.

"खाली किती होतं?" बाल्झरनं विचारलं. दर वेळी तो हेच विचारायचा, आणि ती थंडी दोन अंशांनी वाढवून सांगायची, कीव यावी म्हणून.

"उणे सहा."

"खरं सांग."

"उणे सहाच. आनेताच्या नवऱ्यानं विजार काढली."

तो हसायला गेला, तसे ओठ फुटले. फ्लुरीन पाठ फिरवून चुलीत सोबत आणलेल्या काटक्या रचत राहिला. मेंजानं पोटावरची बोटं मोजली. पाच होती.

"बोटं हलव," ती म्हणाली.

"हलवतोय की," बाल्झर म्हणाला. तिच्या पोटावर काहीच हललं नाही.