थोडा उचलून लावायचा

मी बोलतो आहे तो घराचा दरवाजा नव्हे. घराच्या दरवाजाला उंबरा असतो आणि तो जन्मल्या जागी म्हातारा होतो. मी मोटारीचा दरवाजा, चालकाशेजारच्या आसनाचा. माझ्या नशिबी चौकट आली ती धावती, आणि तीही एक नव्हे, दोन. पहिल्या चौकटीत मी जन्मलो, दुसरीत मला बसवण्यात आले. बसवताना दोन मिलिमीटरांचा प्रश्न निघाला आणि त्या दोन मिलिमीटरांत एका माणसाचा स्वाभिमान अडकला. ती हकिगत सांगण्यासाठीच तोंड उघडले आहे. एरवी आमची जात उघडली तरी बोलत नाही, कुरकुरते एवढेच.

जन्म आठवतो तो स्वप्नासारखा. मी पत्र्याचा एक सपाट, चकचकीत तुकडा होतो आणि माझ्यावर कारखान्याच्या छताचे दिवे तरंगत होते. मग वरून अवजड साचा उतरला. तो वर गेला तेव्हा मला खांदा होता, कंबर होती, काचेसाठी पोकळी होती. मला निळा रंग मिळाला. सूर्य मावळून गेल्यावर आकाशात जो घटकाभर रेंगाळतो, तो निळा.

माझ्या पहिल्या घरची बाई वाट पाहणारी होती. तिचा नवरा छापखान्यात कामाला होता. रोज सायंकाळी ती छापखान्याच्या फाटकाबाहेर गाडी उभी करी, स्वतः सरकून माझ्या बाजूला येऊन बसे आणि काच खाली करून माझ्या आतल्या कडेवर बोटातल्या अंगठीने ठोके देई. माणसे वाट पाहताना तोंडाने गप्प राहतात, पण त्यांची बोटे बोलतात. वर्षानुवर्षे एकाच जागी पडलेल्या त्या ठोक्यांनी माझ्या कडेवर सात बारीक खळगे उमटले. सहा सरळ ओळीत, सातवा जरा बाजूला. नवरा फाटकातून दिसला की हात हलत असे, म्हणून तो शेवटचा ठोका कधी नेमका पडला नाही.

पुढे त्या गाडीचे यंत्र थकले आणि आम्ही सारेच जुन्या गाड्यांच्या आवारात जाऊन पडलो. तिथे काळ चालत नाही, नुसता साचतो. माझ्या पोकळीत एका कुंभारमाशीने मातीचे घर बांधले. गवत कमरेपर्यंत आले. मी अर्धवट झोपेत असे, आणि वारा सुटला की कुठेतरी अंगठी वाजते आहे असा भास होई.

एके दिवशी गवत बाजूला सारून एक पांढऱ्या मिशांचा माणूस माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याने बोटाच्या पेराने मला तीन ठिकाणी वाजवून पाहिले आणि म्हणाला, "पत्रा अस्सल आहे. चल गड्या, तुझं काम निघालंय." तो मिस्त्री. मोटारींचे दरवाजे बसवण्यात उभी हयात गेलेला माणूस.

ज्या गाडीसाठी मला नेले, ती दुधाच्या साईच्या रंगाची होती आणि वयाने माझ्याएवढीच. तिचा मूळचा दरवाजा कोपऱ्यात उभा होता. मधोमध मुडपलेला, न सांधता येण्याजोगा. त्याची ही दशा कशी झाली, ते गाडीच्या मालकिणीने मिस्त्रीला सांगितले तेव्हा मी ऐकले.

तिचे वडील तरुणपणापासून नगरांचे नकाशे काढत आले होते. सहा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून एकेक काम त्यांच्या हातून निसटत गेले: दाढी, चहा ओतणे, पत्रावर सही. एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला करू दिली नव्हती. रोज सायंकाळी लेक त्यांना नदीकाठी नेई, तेव्हा गाडीचा दरवाजा ते स्वतः चाचपून उघडत, स्वतः बसत आणि स्वतःच लावून घेत. मग गाडी वळणे घेई तसतसे ते मिटल्या डोळ्यांनी सांगत, आता दवाखाना, आता पुलाचा चढ. नकाशा अजून शाबूत होता.

एकदा लेकीला घाई झाली. वडिलांना चाचपडावे लागू नये म्हणून तिने दरवाजा आधीच उघडून ठेवला, आणि तो उघडाच आहे हे विसरून गाडी मागे घेतली. घरच्या शेडच्या खांबाला अडकून दरवाजा मुडपला. केवळ मदत करायला गेली होती ती. वडिलांना मात्र तिने सांगितले, की किंचित पोचा आलाय, ठोकून सरळ करून मिळेल.

"दरवाजाच बदललाय हे त्यांना कळता कामा नये," ती मिस्त्रीला म्हणाली. "त्यांच्या हातचं एवढं एकच उरलंय, आणि तेही मीच मोडलं असं व्हायला नको."

"माझ्या तोंडाला कुलूप, ताई," मिस्त्री म्हणाला. "दरवाजांचाच माणूस आहे मी."

मग दोन दिवस माझे कोडकौतुक झाले. मिस्त्रीने माझ्या पोकळीतले मातीचे घर हलक्या हाताने काढले. माझ्या बिजागऱ्या आवारातच राहिल्या होत्या, म्हणून कोऱ्या करकरीत बिजागऱ्या आणल्या. मला खालून घडीच्या गोधडीवर टेकवून चौकटीशी आणले, बोल्ट अर्धवट आवळले, आणि तो दहा पावले मागे जाऊन डोळे बारीक करून पाहू लागला. पुन्हा आला, केसभर वर उचलले, पुन्हा मागे गेला. पुठ्ठ्याची एक पट्टी तो माझ्या कडेच्या फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवी; ती कुठे अडली की चुकचुके, कुठे सैल गेली की त्याहून अधिक चुकचुके. अखेर पट्टी सगळीकडून सारख्याच दाबाने सरकली. भोवतीचे रबरही त्याने नवे, फुगीर बसवले.

शेजारच्या रंगाऱ्याने येऊन टोमणा मारला, "मुलीच्या लग्नात एवढा हात फिरवला नसशील."

"मुलगी खुपलं तर बोलून दाखवते. हा बिचारा फट दाखवतो," मिस्त्री म्हणाला.

रंग मात्र लगेच द्यायचा नव्हता. पोचे बुजवणारी लांबी सुकवून, घासून, पुढच्या आठवड्यात मला साईच्या रंगाचे करायचे ठरले. आंधळ्या माणसाला निळे काय आणि पांढरे काय, असे त्यांनी मानले. मीही मानले.

गाडी घरी गेली आणि दुसऱ्या सायंकाळी वडील माझ्यापाशी आले. काठीची घडी करून त्यांनी ती काखेत धरली. बोटे माझ्या मुठीवर आली. थंड, कोरडी, शोधक बोटे. ते बसले. आतल्या मुठीला हात घातला आणि मला किंचित वर उचलले.

मी उचललाच गेलो नाही. उचलला जायला माझ्यात जागाच नव्हती. त्यांचा हात क्षणभर तसाच थबकला. पायरी नसलेल्या जागी पाऊल पडावे तसा. मग त्यांनी सवयीने मला हळूच ओढले. नव्या रबराने परत ढकलले आणि मी अर्धवट लागलो. त्यांनी पुन्हा उघडून ओढले. पुन्हा अर्धवट. तिसऱ्या खेपेस त्यांचा कान लाल झाला होता. लेक उतरली, वळसा घालून आली आणि तिने मला बाहेरून धाडकन लावले.

असा निर्दोष आवाज माझ्याकडून यापूर्वी कधी निघाला नव्हता. त्याची लाज अजून वाटते.

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. कुणाची तरी वस्तू सांभाळायला घ्यावी तसे. वाटेत दवाखाना आला, पुलाचा चढ आला, ते काही बोलले नाहीत. घरी परतल्यावर म्हणाले, "उद्यापासून तू एकटीच जाऊन येत जा. मला तिथं जाऊन तरी काय दिसणार आहे?" सहा वर्षांत त्यांनी हे वाक्य प्रथमच उच्चारले होते, असे लेक नंतर मिस्त्रीजवळ म्हणाली.

आठ दिवस मी शेडमध्ये उभा होतो. नवव्या दिवशी दुपारी तिने गाडी मिस्त्रीच्या दारात आणली आणि सरकून माझ्यालगतच्या आसनावर बसली. मिस्त्रीने विचारले, की पूर्वीचा दरवाजा ते नेमका कसा लावत? तिने डोळे मिटले, हात पुढे केला आणि हवेतच वडिलांची नक्कल केली: आधी थोडे वर, मग अलगद आत.

मिस्त्री त्या हाताकडे पाहत राहिला. मग उठला. फळीवरचा डबा त्याने उपडा केला आणि मोडीत टाकलेल्या वस्तूंतून मूळच्या दरवाजाच्या दोन्ही बिजागऱ्या शोधून काढल्या. त्यांच्या खिळी एका अंगाने झिजून तिरप्या झाल्या होत्या.

"तो दरवाजा खाली झुकला होता, ताई. तुमच्या बाबांच्या हातानं तो झुकाव पाठ केला होता. मी दरवाजा सरळ बसवला आणि त्यांचा हात वाकडा पडला."

तिने विचारले, वाटेत उघडणार तर नाही ना? मिस्त्रीने कुलपाची पकड पुन्हा पुन्हा ओढून तपासली. पकड पोलादी होती. झिजली होती ती नुसती बिजागऱ्यांची चाल. जुने चेपलेले रबरही त्याने धुऊन पुन्हा लावले. एवढ्यात रंगारी डोकावला आणि हसला. "चाळीस वर्षं सरळ बसवलंस, आणि आता म्हातारपणी वाकडं सुचलं?"

"वाकडं नाही, झिजलेलं," मिस्त्री वर न पाहता म्हणाला. "दोन्हींत फरक असतो."

त्या झिजलेल्या खिळी अडकवल्या आणि पान्याने बोल्ट आवळले गेले, तेव्हा माझे वजन सावकाश खाली उतरले, झोपेत मान कलंडावी तसे. एका अनोळखी हाताची कित्येक वर्षे माझ्या खांद्यात आली. मी न पाहिलेल्या सायंकाळी मला आठवू लागल्या. पुठ्ठ्याची पट्टी आता खालच्या कोपऱ्यात अडत होती. मिस्त्रीने ती खिशात घातली आणि त्या दिवशी तो दहा पावले मागे गेला नाही.

वडिलांना गाडीपाशी आणायला लेकीला फार आर्जवे करावी लागली. ते बसले, मुठीला हात घातला, पण उचलण्यापूर्वी थांबले. मला वाटते, त्यांना भीती वाटत होती. मलाही वाटत होती. मग त्यांनी उचलले. मी दोन मिलिमीटर वर गेलो, त्यांच्या बोटांत हलका झालो, आणि टप् करून लागलो.

लेकीने गाडी सुरू केली.

"दवाखाना," वडील म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पुलाचा चढ." आणि पुलावर वारा लागला तेव्हा त्यांनी हात माझ्या आतल्या कडेवर टेकला. बोटे सरकत सरकत त्या खळग्यांपाशी आली. पहिला, दुसरा, तिसरा. मी श्वास रोखला. दरवाजाला श्वास नसतो हे ठाऊक असूनही. सातव्यावर बोट थांबले.

"इथं कुणीतरी वाट पाहत बसत असे," ते म्हणाले.

लेकीने नदीकाठी गाडी उभी केली आणि समोर पाहत म्हणाली, "बाबा, हा दरवाजा दुसरा आहे. आपला जुना मीच मोडला."

"ठाऊक आहे. तो मोडला तेव्हा जिन्यातच होतो मी. दिसत नाही, ऐकू येतं गं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. मग तो लागेना, तेव्हा वाटलं, दरवाजा आपला नाही तर नाही, पण आता हातही आपला राहिला नाही." त्यांनी मला थोडे उघडले, उचलले आणि पुन्हा लावून पाहिले. "आता लागतोय. कुणी केलं हे?"

तिने मिस्त्रीचे आणि बिजागऱ्यांचे सारे सांगितले. ऐकता ऐकता त्यांचा अंगठा सातव्या खळग्यावर फिरत होता. मग त्यांनी विचारले, "रंग कोणता आहे याचा?"

"निळा. आता गाडीसारखा करून घेणार आहोत."

"राहू दे," ते म्हणाले. "शेवटचा जो निळा पाहिला, तो मला आठवतो. याला तोच समजेन."

म्हणून मी आजही निळाच आहे; साईच्या रंगाच्या गाडीला लागलेले संध्याकाळचे एक ठिगळ. रस्त्यावरची माणसे वळून हसतात. माझी फट खालच्या कोपऱ्यात पुसटशी तिरपी आहे आणि मिस्त्री भेटला की तिकडे पाहायचे टाळतो. सायंकाळी नदीकाठी वडिलांची बोटे माझ्या कडेवर ठोके देतात. सहा सरळ, आणि सातवा जरा बाजूला. कुणाची वाट पाहतात, ते मी विचारत नाही.

तुमचा माझा कधी संबंध आला, तर एकच विनंती. माझ्यापाशी कुणी चाचपडताना दिसले, तर धावत येऊन मला आपटू नका. थोडे थांबा. ते हात मला उचलतील, आणि मी लागेन.